हिरवी वायर

बावकर मिस्त्रींनी पहिल्या दिवशी मला
करवत दिली नाही, रंधाही नाही.
एक प्लग उघडायला दिला.
आत तीन वायरी.
"लाल घेऊन येते, काळी परत नेते.
ही हिरवी काय करते?"
मी म्हटलं, काहीच नाही.
"बरोबर. जन्मभर काही करत नाही.
म्हणून तर लोक ती कापून टाकतात."

कांजूरमार्गला बाविसाव्या मजल्यावर
दारांच्या जागी नुसती भोकं होती.
बोर्ड जमिनीवर लोळत होता
आणि सॉकेटात उघड्या वायरी खोचून
वर काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या.
अर्ध्या शहराच्या लाद्या
अशाच काड्यांच्या भरवशावर कापल्या गेल्यात.

लादी कापायची तर पाणी लागतं
आणि पाण्याला वाट दाखवावी लागत नाही.
धनेसर मार्बल कटर धरून उकिडवा बसला होता.
मग एकाएकी
कटर त्याला धरून बसला.

ओरडलासुद्धा नाही तो.
आम्हाला वाटलं, मस्करी करतोय.
मिस्त्रींनी त्याला हात लावला नाही.
सागवानाची कोरडी फळी उचलली
आणि खुंटी ठोकावी तसं
एका घावात त्याला बाजूला केलं.

धनेसर जगला.
त्याची दोन बोटं तेव्हापासून
नमस्कारालाही सरळ होत नाहीत.
ठेकेदाराने शहाळं पाजलं
आणि दुसऱ्या दिवशी विचारलं,
लाद्या कधी संपणार?

त्या संध्याकाळी मिस्त्री लोहार चाळीत गेले.
तीन पिनांचे प्लग, रबरी केबल,
गळका करंट ओळखून बंद पडणारी एक डबी,
सगळं स्वतःच्या पगारातून.
ठेकेदार हसला: "मिस्त्री, मशीनपेक्षा वायर महाग?"
मिस्त्री स्क्रू आवळत राहिले.
त्यानंतर ती डबी दर सोमवारी
बटण दाबून तपासायची,
हे माझं काम.
खट्ट वाजलं की मिस्त्री मान हलवत.
देवाला फूल वाहिल्यावर
काही माणसं हलवतात तशी.

आता ते भांडुपला, कोकणनगरात.
गुडघे गेले. ड्रिल मशीनची कॉइल
त्यांच्या आधी गेली.
भंगारवाला दारात उभा: एकशे ऐंशी.
मी म्हटलं, देऊन टाका.
"आणि मग?"
मग मी गप्प.
"मग कुठल्यातरी नाल्याकाठी
एक पोरगा ही केबल जाळणार
चमचाभर तांब्यासाठी,
आणि तो धूर आधी त्याच्याच पोटात जाणार.
नाहीतर कोणी कॉइल भरून, रंग मारून
नव्या पोराच्या हातात देणार.
हिरवी तोडूनच देणार. लिहून घे."

म्हणून ई-कचऱ्याच्या गाडीची वाट बघितली,
महिन्याचा दुसरा शनिवार.
तोवर ती ड्रिल देव्हाऱ्याखालच्या फळीवर,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
काकू दोनदा चिडल्या.

गाडी यायच्या दिवशी त्यांनी पक्कड मागितली.
प्लग कशातच नव्हता,
तरी त्यांनी तो हातात घेऊन पाहिला,
मग ट्रिगर एकदा दाबला. सवय.
केबल बॉडीजवळ कापली,
पुन्हा कोणी लावून बघायला नको.

कापलेल्या तोंडाची साल काढली त्यांनी,
का, कोण जाणे.
लाल आणि काळीतलं तांबं काळवंडलेलं.
हिरवीतलं
कालच कारखान्यातून आल्यासारखं.
बराच वेळ अंगठ्याने चाचपत होते ते.
"एकदाही लागली नाही," म्हणाले.
आवाजात अभिमान होता की हायसं वाटणं,
मला कळलं नाही.

गाडीवरच्या मुलीने ड्रिल काट्यावर ठेवली,
पावती फाडली:
जुने यंत्र, एक. वजन दोन किलो तीनशे.
मिस्त्रींनी चश्मा पुसून ती वाचली
आणि परत तिच्यासमोर धरली.
"बाळा, केबल वेगळी लिहिली नाहीस."